मुखवटेवाला नंतर, आधी शहर बघा: काळीकुट्ट क्राइम कॉमिक्स वाचायची कशी

ठाण्यात माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हल्ली एक गोष्ट दिसते. कॉलेजातल्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या हातात जाडजूड इंग्रजी कॉमिक असतं, आत बघावं तर नुसता काळा रंग, पाऊस, रक्त, बंदुका, एक मुखवटेवाला माणूस आणि पानापानावर विकला गेलेला पोलिस. आई विचारते हे काय वाचतोयस रे, तर पोरगं म्हणतं अगं आई हे सुपरहिरोचं नाहीये, हे वेगळं असतं. आता वेगळं म्हणजे काय ते पोराला नीट सांगता येत नाही आणि आईला नुसती पानं उलटून कळत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो, बरीच वर्षं वाचतोय, म्हणून जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

नेहमीच्या सुपरहिरोच्या गोष्टीत शहर मुळात ठीकठाक असतं. संकट बाहेरून येतं, म्हणजे परग्रहावरून कुणीतरी येतं किंवा एखादा शास्त्रज्ञ डोकं फिरल्यासारखा वागायला लागतो, मग हिरो येतो, मारामारी होते, संकट जातं आणि शहर परत पहिल्यासारखं. या काळ्या गोष्टींत तसं नसतं. इथे शहर पहिल्या पानाच्या आधीपासूनच आजारी असतं, पोलिस कमिशनर स्वतः हप्ता घेतो, महापौर गँगवाल्यांसोबत जेवतो, न्यायाधीशाला फोन जातो, आणि साध्या माणसाने तक्रार करायची म्हटली तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच माणसाकडे ती द्यावी लागते. परत जायला चांगले दिवस नावाची जागाच नसते. मग एक माणूस पोलिस, कोर्ट सगळं बाजूला ठेवून स्वतःच शिक्षा द्यायला बाहेर पडतो, त्याला विजिलँटी म्हणतात. लोक त्या माणसाकडेच बघत बसतात. माझं म्हणणं असं की त्याच्याकडे नंतर बघा, आधी शहराकडे बघा, कारण चांगल्या लेखकाने खरी मेहनत तिथे घेतलेली असते.

आपल्याकडे हे सगळं परकं आहे असंही नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यातला काळा पहाड, झुंजार हे आपल्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचलेत. इंद्रजाल कॉमिक्समधून फँटम मराठीत वेताळ होऊन आला, पण तो जंगलातला, शहराशी त्याचं फार देणंघेणं नाही. १९७६ साली आबिद सुरतींनी त्याच इंद्रजालसाठी बहादूर तयार केला आणि तो बघण्यासारखा आहे. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला, म्हणजे सुडाची गोष्ट व्हायला सगळं तयार होतं, पण सुरतींनी त्याला पोलिसांच्या बाजूने उभं केलं आणि गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल त्याच्या हाती दिलं. व्यवस्था कमी पडते पण ती आपली आहे, तिला हात देऊया, असा तो सूर. त्यानंतर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला राज कॉमिक्सचा डोगा आला, थेट मुंबईत, कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, आणि हा पकडून पोलिसांकडे देत नाही तर सरळ गोळी घालतो. लहानपणी कचऱ्यात टाकून दिलेलं आणि डाकूने वाढवलेलं ते पोर. बहादूर ते डोगा या साधारण पंधरा वर्षांत वाचकाच्या मनातला व्यवस्थेवरचा विश्वास किती खाली आला असेल ते या दोन पात्रांवरून दिसतं असं मला वाटतं.

आता अमेरिकेत हा प्रकार इतका उशिरा का आला ते बघू, कारण बॅटमॅन तर १९३९ सालचा आहे. झालं असं की १९५४ मध्ये तिथे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून मोठा गदारोळ झाला, सिनेटच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि सरकारने कायदा करायच्या आत प्रकाशकांनीच स्वतःवर एक नियमावली घालून घेतली, कॉमिक्स कोड. त्यात असं होतं की पोलिस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, शेवटी चांगल्याचाच विजय. मुखपृष्ठावर त्या कोडचा शिक्का नसेल तर बरेच विक्रेते अंक ठेवायचेच नाहीत. म्हणजे तब्बल १७ वर्षं भ्रष्ट पोलिस दाखवणं जवळजवळ बंद! १९७१ मध्ये नियम सैल झाले, मग भ्रष्ट अधिकारी दाखवता यायला लागला, पण तो अपवाद म्हणून दाखवायचा आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पुढे फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढली, त्यांना शिक्क्याची गरज नव्हती, मोठ्या वयाचे वाचक तिथे यायला लागले, आणि खरा काळा माल तिथून सुरू झाला.

त्याच वेळी न्यूयॉर्कची अवस्था काय होती ते माहीत असलं तर ही कॉमिक्स दुप्पट कळतात. १९७५ मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, १९७७ मध्ये एका रात्री वीज गेली आणि जी लुटालूट झाली ती आजही सांगितली जाते. त्याआधी फ्रँक सर्पिको नावाच्या एका पोलिसाने आपल्याच खात्यातल्या हप्तेखोरीबद्दल तोंड उघडलं होतं, त्यावरून १९७० मध्ये नॅप कमिशन बसलं आणि १९७२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या अहवालात भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितलेत, गवत खाणारे आणि मांस खाणारे. मांस खाणारा म्हणजे जो स्वतः शिकार शोधत फिरतो, धमकावून मोठी रक्कम काढतो. गवत खाणारा म्हणजे जो कुणी पाकीट पुढे केलं तर नाही म्हणत नाही, बास, तेवढंच. आणि कमिशनचं म्हणणं होतं की खरी अडचण गवत खाणाऱ्यांची आहे, कारण ते संख्येने इतके असतात की त्यांच्यामुळे पैसे घेणं ही नॉर्मल गोष्ट होऊन जाते, जो घेत नाही तोच विचित्र ठरतो. मला वाटतं या सगळ्या कॉमिक्सची किल्ली ही आहे. वाईट लेखक फक्त मांस खाणारा दाखवतो, एक जाडा, सिगार ओढणारा डॉन, त्याला उडवला की गोष्ट संपली. चांगला लेखक गवत खाणारे दाखवतो, एका चौकटीत कोपऱ्यात बसलेला क्लार्क, दुसरीकडे बघणारा हवालदार, पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टात एक ओळ बदलणारा डॉक्टर.

हे आपल्याकडे कसं असतं ते ठाणेकराला वेगळं सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बिल्डिंग पडली, ७४ माणसं गेली. बेकायदा बांधकाम, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेले, वर काम चालू आणि खाली लोक राहायला आलेले. त्यानंतर बिल्डर तर पकडले गेलेच पण महापालिकेतले लोक आणि पोलिसही पकडले गेले. आता विचार करा, तिथे मुखवटा घालून कुणी आला असता तर त्याने मारायचं कुणाला. ज्याने बांधली त्याला? ज्याने बघून न बघितल्यासारखं केलं त्याला? ज्याच्या टेबलावर तक्रार पडून राहिली असेल त्याला? आणि इकडे नवी मुंबईत दिघ्याला बघा, २०१५ मध्ये हायकोर्टाने ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करायला सांगितली, एमआयडीसी आणि सिडकोच्या जागेवर उभ्या राहिलेल्या. तिथे घर घेतलेल्या माणसाने आयुष्यभराची पुंजी घातलेली, त्याच्या दृष्टीने तर बुलडोझर घेऊन येणारं सरकारच व्हिलन, आणि कायद्याच्या दृष्टीने ते सरकार बरोबर. भ्रष्ट शहर म्हणजे हे असतं, त्यात एक चेहरा सापडत नाही, साखळी असते आणि साखळीतल्या प्रत्येक कडीकडे आपलं एक कारण असतं. जे कॉमिक मला ही साखळी दाखवतं ते मी परत परत वाचतो.

अशी साखळी नीट दाखवणारं एक उदाहरण सविस्तर सांगतो, बॅटमॅनचंच, १९८७ मध्ये चार अंकांत आलेलं, इयर वन. लेखन फ्रँक मिलरचं, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. नाव बॅटमॅनचं असलं तरी यात त्याच्याइतकाच, मला तर वाटतं त्याच्यापेक्षा जास्त, जिम गॉर्डन नावाचा पोलिस अधिकारी आहे, बदली होऊन या शहरात आलेला, बायको गरोदर, पगार बेताचा. पहिल्या दिवसापासून त्याला कळतं की इथे सगळे घेतात, वरपर्यंत पोचतं. तो घेत नाही. तर एका रात्री त्याचे स्वतःचे सहकारी तोंडं झाकून येतात आणि त्याला बेसबॉलच्या बॅटनी झोडपतात. नीट बघा, या गोष्टीत तोंड झाकून कायदा हातात घेणारे पहिले लोक पोलिसच आहेत! आणि मग हा सरळ माणूस काय करतो, तर तक्रार करत नाही, कारण करायची कुणाकडे, तो त्यांच्या म्होरक्याला एकटा गाठतो आणि त्याला तसाच तुडवतो. म्हणजे वटवाघळाचा पोशाख न घालता गॉर्डनही त्या एका रात्रीपुरता विजिलँटी होतो. लेखक यावर भाषण देत नाही, फक्त दाखवतो, आणि वाचताना आपण खूश झालेलो असतो, मग दोन पानांनी आपल्याच खुशीचं जरा वाईट वाटायला लागतं.

त्यातच एक प्रसंग आहे, शहरातले बडे लोक, राजकारणी, पोलिसांचा मुख्य, गुंडांचा म्होरक्या सगळे एका टेबलावर जेवतायत, आणि दिवे जातात, भिंत फोडून बॅटमॅन समोर उभा राहतो. तो तिथे कुणाला मारत नाही, फक्त बजावतो. का ते बघा, कारण आतापर्यंत तो रस्त्यावरच्या भुरट्या चोरांच्या मागे होता, आणि इथे त्याला कळलंय की चोर जेवायला कुठे बसतात. लोक तो पोशाख, ती एन्ट्री लक्षात ठेवतात, मी म्हणेन त्या टेबलावर कोण कोण शेजारी बसलंय ते बघा.

आता चित्रांकडे येऊ, कारण पालकांना सगळ्यात आधी तो काळा रंगच खुपतो. याची मुळं जुन्या गुन्हेगारी सिनेमांत आहेत, एकच दिवा, लांब सावल्या, खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर पडलेली. कॉमिकमध्ये हे शाईने करतात. साधं चित्र काढताना आपण पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेने वस्तूची कड काढतो. इथे उलटं, अख्खी चौकट शाईने भरायची आणि फक्त जिथे उजेड पडलाय तेवढं कोरं ठेवायचं, म्हणजे माणसाचं नाक, दाताची कड, बुटाचं टोक एवढंच दिसतं आणि बाकीचा माणूस आपण मनाने पुरा करतो. पाऊस काळ्यावर पांढऱ्या रेघांनी पडतो. याच मिलरने १९९१ पासून सिन सिटी नावाची मालिका स्वतःच लिहिली, स्वतःच काढली, ती जवळजवळ पूर्ण अशी आहे, नुसतं काळं आणि पांढरं, मध्ये करडा रंगच नाही. आणि गंमत म्हणजे गोष्ट बरोबर त्याच्या उलटी आहे, त्या शहरात स्वच्छ पांढरा माणूस एकही नाही. पुढे त्यातल्या एका भागात फक्त एका पात्राला पिवळा रंग दिला, बाकी सगळं तसंच काळंपांढरं, तर तो पिवळा बघून अक्षरशः मळमळतं. रंग कमी ठेवले की एक रंग किती काम करतो ते तिथे कळतं.

दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी पण तितकीच महत्त्वाची. एका चौकटीत हात वर गेलेला, पुढच्या चौकटीत माणूस खाली पडलेला, मारलं कधी? त्या पट्टीत, आणि ते मारलं आपल्या डोक्याने. सिनेमात दिग्दर्शक मारतो, इथे तुम्ही मारता. हिंसेचं कॉमिक इतकं अंगावर येतं त्याचं एक कारण हे.

आणि अजून एक, चौकटीच्या वर त्या छोट्या डब्यात मजकूर असतो ना, मी अमुक केलं, मला तमुक वाटलं, ते बहुतेक वेळा मुखवटेवाल्याचं मनातलं बोलणं असतं. बोलण्याचा फुगा सगळ्यांना ऐकू जातो, हा डबा फक्त वाचकाला. अख्खं पुस्तक आपण त्याच माणसाच्या डोक्यात बसून वाचतो, त्याला जे दिसतं ते दिसतं, ज्याला तो दोषी म्हणतो तो आपल्यालाही दोषीच वाटतो. आणि पुस्तकात तो चुकत नाही, कारण लेखकाने आपल्याला आधीच गुन्हा होताना दाखवलेला असतो. खऱ्या आयुष्यात आधीचं ते पान कुणीच दाखवत नाही, आणि कॉमिक वाचणाऱ्या प्रत्येक पोराशी मी आवर्जून बोलतो ते याच मुद्द्यावर.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाइलवर फिरत होती, तिथे पाच माणसं दिसली, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, बहुतेक जण आपल्या मंगळवेढ्याकडचे. जमावाने त्यांना ठेचून मारलं. मारणाऱ्यांना त्या क्षणी आपण मुलांना वाचवतोय असंच वाटत असणार, त्यांच्या डोक्यात पण तो डबा चालू असणार. पाचही जण निर्दोष होते. तिकडे न्यूयॉर्कला डिसेंबर १९८४ मध्ये बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाने मेट्रोत चार काळ्या तरुणांवर गोळ्या झाडल्या, पैसे मागितले आणि आपल्याला लुटणार असं वाटलं म्हणून, त्यातला एक कायमचा अपंग झाला. शहरातले कितीतरी लोक गेट्झला हिरो म्हणत होते, १९८७ मध्ये ज्युरीने खुनाच्या प्रयत्नातून सोडलं आणि फक्त बेकायदा हत्यारासाठी दोषी धरलं. ही काळी कॉमिक्स जोरात आली ती नेमकी याच वर्षांत. लेखक हवेत लिहीत नव्हते.

आपला कायदा काय म्हणतो ते पण सांगून टाकतो कारण पोरांना इथे हमखास गोंधळ असतो. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय, स्वतःला वाचवण्यासाठी आणि दुसऱ्याला वाचवण्यासाठी सुद्धा. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क लागू होत नाही, आणि धोका टळल्यावर तो संपतो. म्हणजे हल्ला करणारा पळून गेल्यावर रात्री त्याच्या घरी जाऊन मारणं हा बदला, स्वसंरक्षण नाही. सामान्य माणूस अटक सुद्धा करू शकतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, गंभीर अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला असेल तर, पण त्याला उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पकडण्यापर्यंतच तुमचा हक्क, शिक्षा देण्याचा अजिबात नाही.

चांगल्या लेखकांना हे माहीत असतं. पनिशर नावाचा एक आहे, सैन्यातून आलेला, कुटुंब गँगवॉरमध्ये मारलं गेलेला, छातीवर कवटी, तो १९७४ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा स्पायडरमॅनच्या विरोधात उभा होता, हिरो म्हणून नाही. पुढे त्याची कवटी अमेरिकेत काही पोलिसांनी आपल्या गाड्यांवर लावली, ज्यांचं काम कायदा पाळणं त्यांनी कायदा झुगारणाऱ्याचं चिन्ह मिरवलं, तर २०१९ च्या एका अंकात खुद्द पनिशरच असं स्टिकर फाडतो आणि त्या पोलिसांना सांगतो की तुम्ही शपथ घेतलीय, तुम्ही माझ्यासारखं व्हायचं नाही. सिन सिटीच्या पहिल्या गोष्टीत मार्व्ह नावाचा धिप्पाड माणूस एका मुलीच्या खुनाचा बदला घेत घेत शहरातल्या सगळ्यात ताकदवान घराण्याच्या माणसापर्यंत पोचतो, त्याला मारतो, आणि त्याचा शेवट विजेच्या खुर्चीत होतो. शहर मात्र तसंच चालू राहतं. त्या मालिकेतल्या बायकांच्या चित्रणावर खूप टीका झाली आणि ती मला बरीचशी पटते, बाई म्हणजे एकतर वाचवायची नाहीतर विकाऊ, याच्या पलीकडे तिथे फार कमी मिळतं. ते झाकून मी शिफारस करणार नाही.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर इयर वनपासून करा, पातळ आहे, रक्तपात बेताचा आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांसोबत वाचता येईल. सिन सिटी अठरानंतरच, त्यात सूट नाही. डोगाचे जुने अंक हिंदीत आहेत, कुठे मिळाले तर त्यातली मुंबई कशी काढलीय ते बघा, गटारं, चाळी, मागच्या गल्ल्या. पहिल्यांदा गोष्टीसाठी भरभर वाचा. दुसऱ्यांदा मुखवटेवाल्याच्या चौकटी सोडून द्या आणि मागे उभी असलेली माणसं बघत जा, कोण पैसे घेतंय, कोण तोंड फिरवतंय, कोण फाईल दाबतंय, आणि मुलासोबत वाचत असाल तर त्याला विचारा की यातल्या कोणत्या माणसाने नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती. माझ्या ओळखीच्या एका वर्तकनगरच्या मुलीने इयर वन असं वाचल्यावर गॉर्डनच्या शेजारच्या टेबलावरचा एक बिनानावाचा हवालदार निवडला आणि त्याच्या बाजूने चार पानांचं कॉमिक काढलं, मराठीत.